'खुदा के लिए' : मिरजेच्या गल्लीतून पाहिलेला सिनेमा

नमस्कार श्रोतेहो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत संध्याकाळी गेलात, तर एखाद्या दुकानात तंबोऱ्याच्या घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवणारा कारागीर दिसेल. जवारी काढण्याचं, म्हणजे तारेला गुंज यावी म्हणून घोडी घासण्याचं काम चालू असतं. अजान झाली की तो कानस बाजूला ठेवतो, हातपाय धुतो, मशिदीत जाऊन येतो आणि जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू करतो. मी गाणं शिकवते, त्यामुळे या गल्लीत लहानपणापासून माझं येणंजाणं आहे. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. 'खुदा के लिए' हा पाकिस्तानी सिनेमा पाहिल्यावर मात्र ते वाटलं, आणि म्हणूनच आज त्या सिनेमाबद्दल बोलणार आहे.

शोएब मन्सूर यांचा हा सिनेमा जुलै २००७ मध्ये पाकिस्तानात लागला. इस्लामाबादच्या लाल मशिदीत ठाण मांडलेल्या कट्टरपंथीयांवरची लष्करी कारवाई संपून जेमतेम दहा दिवस झाले होते. अशा वेळी धर्मातल्या कट्टरपणाचा विषय पडद्यावर आणायला छाती लागते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो आपल्याकडेही प्रदर्शित झाला.

गोष्ट लाहोरच्या दोन गायक भावांची आहे. थोरला मन्सूर संगीत शिकायला शिकागोला जातो. धाकटा सरमद एका मौलानाच्या नादी लागतो, गाणं सोडतो, दाढी वाढवतो, घरातली चित्रं काढायला लावतो. त्यांची चुलत बहीण मेरी लंडनमध्ये वाढलेली. तिला एका इंग्रज मुलाशी लग्न करायचंय. तिचा बाप स्वतः लग्नाशिवाय एका गोऱ्या बाईबरोबर राहतो, पण मुलीचं हे प्रेम त्याला खपत नाही. तो तिला फसवून पाकिस्तानात आणतो आणि अफगाण सरहद्दीकडच्या टोळ्यांच्या मुलखात सरमदशी तिचं जबरदस्तीने लग्न लावतो. तिकडे अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मन्सूरला केवळ संशयावरून उचलतात आणि वर्षभर त्याचा असा छळ करतात की त्याच्या मेंदूला कायमची इजा होते.

या सगळ्यात मला सर्वांत खरं वाटलं ते सरमदचं बदलणं. रशीद नाझ यांनी रंगवलेला मौलाना ताहिरी त्याला दरडावून ओढत नाही. तो जवळ बसवतो, आपलेपणाने बोलतो. तरुण पोराला आपलं कुणीतरी मनापासून ऐकून घेतंय असं वाटतं, तिथंच तो अडकतो. फवाद खानचं हे पडद्यावरचं पहिलंच मोठं काम, आणि चांगल्या मुलाच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत जाणारा ताठरपणा त्याने फार नेमका दाखवलाय. या गोष्टीला प्रत्यक्षातला आधारही आहे. शोएब मन्सूर ज्या 'व्हायटल साइन्स' बँडच्या पाठीशी उभे होते, त्याचा लाडका गायक जुनैद जमशेद पुढे गाणं सोडून धर्मप्रचाराकडे वळला. सरमदकडे पाहताना तो आठवतोच. दिग्दर्शकाला हा विषय ऐकीव नव्हता, घरातला होता.

एक प्रसंग तर आपण मिरजकरांनी आवर्जून पाहावा. शिकागोच्या वर्गात मन्सूरला गायला सांगतात, तेव्हा तो 'नीर भरन कैसे जाऊं' ही बंदिश गातो. तिलक कामोद रागातली ही बंदिश आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या कितीतरी मुलींनी घोटलेली. पाण्याला निघालेल्या सखीची वाट अडते, ती तक्रार करते. लाहोरचा मुसलमान मुलगा परमुलखात आपली ओळख सांगायला गोकुळाच्या वाटेवरचं गाणं निवडतो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सगळा वर्ग एकेक वाद्य घेऊन त्याच्याबरोबर वाजवू लागतो ते मला जरा फिल्मी वाटलं. पण ती निवड खोटी नाही. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या मिरजेतल्या मिरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेखाली बसून गात. 'जमुना के तीर' ही भैरवी घराघरांत पोचवणारे तेच. १९३७ मध्ये ते दक्षिणेत प्रवासात असताना गेले आणि त्यांना आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. तिथं आजही दरवर्षी त्यांच्या नावाने गाणं होतं.

आता कोर्टाच्या प्रसंगाकडे येते, कारण सिनेमाची सगळी ताकद तिथं आहे आणि माझी मोठी तक्रारही तिथंच आहे. मेरी न्याय मागायला कोर्टात जाते आणि मौलाना वली साक्षीला येतात. वली झालेल्या नसीरुद्दीन शाह यांची भूमिका किती थोडी! पण ते बोलू लागले की आपण सावरून बसतो. संगीत निषिद्ध असतं तर अल्लाने आपल्या पैगंबराला, हजरत दाऊदला, सुरांची देणगी कशाला दिली असती, असं ते विचारतात. धर्मात दाढी आहे, दाढीत धर्म नाही, असं बजावतात. मुलीच्या संमतीशिवायचं लग्न हे लग्नच नव्हे, असं ठामपणे सांगतात. एकही वाक्य धर्माबाहेरून आलेलं नाही. कट्टर माणसाला बाहेरच्या कुणी कितीही सुनावलं तरी तो हलत नाही. त्याच्याच ग्रंथातून, त्याच्याच भाषेत कुणी उत्तर दिलं तर त्याला थांबावं लागतं. हे शोएब मन्सूर यांना कळलंय.

हा सिनेमा मी गल्लीतल्या एका चाचांबरोबर त्यांच्याच घरी पाहिला. माझा तंबोरा त्यांच्याच हातचा आहे. ही साक्ष संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, बोलला लई चांगला. पण एवढं बोलायला एवढा मोठा मौलाना कशाला लागतो?"

तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. या सिनेमात मवाळ मुसलमान आहेत, पण बोलतो तो विद्वानच. सरमदचे आईवडील मनाने मोकळे आहेत, घर गाण्याचं आहे, तरी पोटचा पोरगा हातातून जाताना त्यांना शब्द सुचत नाहीत. एका मौलानाने बिघडवलं, दुसऱ्या मौलानाने सोडवलं. मधल्या लाखो साध्या माणसांचं काय? आमचे चाचा ग्रंथ सांगत नाहीत. ते नमाज पढतात आणि तंबोरा घडवतात. कट्टरपणाला त्यांचं रोजचं जगणंच उत्तर आहे, आणि ते उत्तर सिनेमाने ऐकलेलं नाही.

मेरीचंही तेच झालंय. तिला कोंडलं, तिच्यावर जबरदस्ती झाली, तिला मूल झालं. खटला तिचा. पण न्यायाच्या घटकेला दोन पुरुष दाढीवर आणि संगीतावर वाद घालतात आणि ती ऐकत बसते. बाई म्हणून मला ते टोचलं. नंतर ती, जिथं तिला कोंडलं होतं, त्याच गावात मुलींना शिकवायला परत जाते. विचार सुंदर आहे, पण तिथवर तिचं मन कसं पोचलं ते पाहायला मिळत नाही. त्या गावातली माणसंही एका साच्याची आहेत. मेरीला चोरून मदत करावी असं एखादीला तरी वाटलं असेलच की! अमेरिकेतला छळ पाहवत नाही, आणि असे छळ झालेत हेही खरं. पण छळणारी माणसं इतकी ठोकळेबाज रंगवलीत की मन्सूरचं दुःख प्रचारासारखं वाटू लागतं. सिनेमा पावणेतीन तासांच्या घरात जातो, आणि लांबी याच भागात जाणवते.

शेवटी सरमद जीन्स घालूनच मशिदीत जातो आणि अजान देतो. त्याचा गाणारा आवाज त्याला तिथं परत मिळतो. तो प्रसंग पाहताना माझे डोळे भरून आले, चाचांचेही. मला मात्र त्याच्या पुढची संध्याकाळ पाहायची होती. सरमद मशिदीतून घरी येतो, आई दार उघडते, तो गिटार मांडीवर घेतो आणि उतरलेल्या तारा एकेक करून जुळवायला लागतो.

नमस्कार.