सायप्रसची मांजरं आणि माणसांच्या गोळ्या

भूमध्य समुद्रातलं सायप्रस बेट. इथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. आजही चौकाचौकांत, हॉटेलांच्या खुर्च्यांखाली मांजरंच मांजरं.

२०२३ मध्ये ही मांजरं आजारी पडू लागली. उतरता न उतरणारा ताप, अन्नावरची वासना गेलेली. कुणाचं पोट पाण्यानं फुगलेलं, कुणाचा चालताना तोल जातोय. निदान एकच: एफआयपी (फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस), म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. तीन लाख मांजरं दगावल्याचा आकडा जगभर फिरला. तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेचा अंदाज होता सुमारे आठ हजारांचा. तोही काही थोडा नाही.

मांजरांचा कोरोना हा कोविडचा विषाणू नव्हे, आणि तो माणसाला होत नाही. मांजराच्या आतड्यात तो राहतो. बहुतेकांना फार तर चार दिवस जुलाब. मोजक्या मांजरांच्या शरीरात मात्र तो रूप बदलतो, आतड्याबाहेर पडतो आणि एफआयपी होतो. हे बदललेलं रूप सहसा एका मांजराकडून दुसऱ्याकडे जात नाही. सायप्रसमध्ये ते जात होतं! तपासणीत कळलं, या विषाणूनं कुत्र्यांच्या कोरोनाचा एक तुकडा उचलला होता.

त्या ऑगस्टमध्ये सरकारनं माणसांच्या कोविडसाठी आणलेल्या, शिल्लक राहिलेल्या मोल्नुपिराविर गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. एकेकाळी एफआयपी म्हणजे मरणच. आता जीएस-४४१५२४ या औषधानं बहुतेक मांजरं वाचतात. रेमडेसिविर शरीरात गेल्यावर याच औषधात बदलतं. कोविडकाळात त्या इंजेक्शनसाठी आपण केलेली वणवण आठवत असेल.

आपल्या घरात काळजी घ्यायची ती शी-शूच्या पेटीपाशी. विषाणू पसरतो विष्ठेतून, पंजे चाटताना पोटात जातो. म्हणून पेटी रोज साफ करा, खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेवा. दोन मांजरं असतील तर पेट्या तीन. नवं पिल्लू आणलंत तर काही दिवस वेगळ्या खोलीत. गर्दी आणि ताण दोन्ही वाईट. हौसेनं एका खोलीत दहा मांजरं कोंबणाऱ्यांनी हे जरा कान देऊन ऐकावं.

दोन वर्षांच्या आतल्या मांजराचा ताप अँटिबायोटिकनं उतरत नसेल, पोट फुगत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाचा नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा. आठवड्याभरात मांजर उड्या मारू लागतं, पण डॉक्टर सांगेपर्यंत गोळी थांबवायची नाही.