प, सा, ग, ध

(लघुपटाचे निवेदन)

[दृश्य: लालबागमधली चाळ, दुसरा मजला. दारातून दिसणारी पाठ. एकच तार पुन्हा पुन्हा छेडली जातेय.]

गेली दहा मिनिटं एकच तार लागतेय. धैवताची. जरा चढतो, जरा उतरतो.

पाठमोरे बसलेत ते मामा. लालबाग-परळच्या बेंजोवाल्यांत त्यांना मास्तर म्हणतात, पण या खोलीत भाचीचा शब्द चालतो, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. चाळीस वर्षं बेंजो वाजवलेला माणूस. आज मांडीवर बेंजो नाही. हातभर लांबीचं, गिटारसारखं, चार तारांचं, भरीव लाकडाचं युकुलेले आहे. तारा पोलादी आहेत आणि बुडाशी वायर खुपसलीय.

[दृश्य: बेंजोच्या कळा, अगदी जवळून.]

आधी बेंजो बघू. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं. लाकडी पेटीवर तारा, तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. ते आपल्याकडे आलं, त्याचं बुलबुलतरंग झालं आणि मुंबईत बेंजो झाला. अमेरिकेतल्या चामडं ताणलेल्या बँजोशी त्याचं नातं नावापुरतं. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीनं तार छेडायची. मुंबईतल्या पोरांनी त्यात तारेच्या थरथरीची वीज करणारा पिकअप बसवला, ट्रॉलीवर भोंगे चढवले, सोबत ढोलकी, ताशा, खुळखुळे, पुढे ऑक्टोपॅड. गणपतीचं आगमन असो, हळद असो की वरात, सुपारी बेंजोवाल्यांना.

ही कळ बघा. तिच्यावरचा आकडा पुसला गेलाय आणि प्लास्टिक बोटाच्या आकारानं झिजलंय. ही पंचमाची. षड्जाची तर त्याहून खोल गेलीय. पिकअप कसा गुंडाळायचा, कुठल्या तारेला किती ताण द्यायचा, भोंग्यातली विजेची गुणगुण कशी मारायची, हे सगळं ज्ञान या हातांत आहे. त्याला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र बेंजोला येत नाही. मींड. कळ जिथे, सूर तिथे. जोरात दाबली तर सूर किंचित थरथरतो, तेवढंच. या सुरावरून त्या सुरावर घसरत जाणं नाही.

[दृश्य: भाची नायलॉनच्या तारांचं युकुलेले वाजवतेय. मग ट्रॉली, भोंगे, कर्कश शिटी. भाची कानावर हात ठेवते.]

भाचीला मामांच्या बेंजो पार्टीत वाजवायचं होतं. तिच्याकडे होतं ते हे, नायलॉनच्या तारांचं, टेनर मापाचं युकुलेले. पेटीवर 'इलेक्ट्रिक' लिहिलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. घोडीखाली पिझोची पट्टी असते. तारांची थरथर घोडीवाटे तिच्यापर्यंत जाते आणि तिची वीज होते. खोलीत गोड वाजतं. ट्रॉलीवर भोंग्यासमोर उभं राहिलं की पोकळ पेटी भोंग्याच्या आवाजानंच थरथरायला लागते, ती थरथर परत पिझोत, पिझोतून परत भोंग्यात. आत्ता ऐकलीत ती शिटी तीच.

मग तिनं मामांचा एक सुटा पिकअप तारांखाली धरला. बेंजोचा, चुंबकाचा. वायर जोडली, आवाज पूर्ण वर केला.

"मामा, आवाजच येत नाय."

"चुंबक नायलॉनाक वळखता काय गो?"

[दृश्य: चुंबक. त्याला चिकटणारी पोलादी तार, न चिकटणारी नायलॉनची.]

सगळी गोष्ट या एका दृश्यात आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, हा झाला पिकअप. त्याच्यावर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की वेढ्यांत वीज उभी राहते. १८३१ मध्ये फॅरेडेनं दाखवलं ते हेच. पेटीची गरजच उरत नाही. भरीव लाकडाचा ठोकळा चालतो, आणि ठोकळा शिटी मारायला सहजासहजी तयार होत नाही.

मग त्याच युकुलेलेवर पोलादी तारा चढवू, असं भाचीच्या मनात आलं होतं. मामांनी पक्कड काढून घेतली. नायलॉनच्या युकुलेलेची घोडी पातळ फळीवर नुसत्या गोंदानं चिकटवलेली असते. पोलादाचा ताण बसला की घोडी उखडते, जाताना फळीचा पापुद्रा घेऊन जाते. दांडीतही बहुधा सळई नसते, ती वाकते. घरी असं युकुलेले असेल तर ही हौस करू नका.

[दृश्य: होनोलुलू बंदराचं जुनं छायाचित्र. नकाशा.]

युकुलेलेचं मूळ घर दूर आहे. पोर्तुगालचं मदेरा बेट, तिथलं माशेत नावाचं चार तारांचं लहानसं वाद्य. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज हवाईतल्या होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर राबायला आलेली चारशेहून जास्त माणसं त्यात होती, आणि त्यांच्यात तीन सुतारकाम जाणणारे: मानुएल नुनेश, ऑगुश्तो दियाश आणि झुझे दो एश्पिरितु सांतु. मळ्यावरचा करार संपला आणि हे तिघं होनोलुलूत वाद्यं बनवू लागले. माशेतचं युकुलेले झालं, आणि हवाईचा राजा कालाकौआनं ते दरबारात नेलं. हवाईच्या भाषेत युकुलेले म्हणजे उड्या मारणारी पिसू, असा अर्थ सांगतात.

हवाईचंच दुसरं वाद्य मांडीवर आडवं ठेवून, तारांवर पोलादी कांडी घासून वाजवतात. आपल्याकडे ते हवाईयन गिटार म्हणून घरोघरी गेलं. मुंबईत वादक व्हॅन शिप्लेंनी ते इलेक्ट्रिक करून वाजवलं. चुंबकाचा पिकअप लावलेली पहिली यशस्वी गिटार १९३० नंतर अमेरिकेत आली, तीही याच आडव्या जातीची. म्हणजे पोलादी तार आणि पिकअप यांचं लग्न हवाईच्याच सुरांसाठी लागलं. युकुलेले मात्र आधी आतड्याच्या आणि पुढे नायलॉनच्या तारांवर राहिलं.

[दृश्य: ठाणे. कुणाच्या तरी घराचा हॉल. मोबाइलवर टिपलेलं, हलतं चित्रण.]

नवीन घेणं परवडत नव्हतं. ठाण्याला एक जुनं मिळतंय असं कळलं. चित्रण हलतंय, पण मामांचे हात बघा.

आधी दांडी डोळ्यासमोर धरली, बंदूक धरतात तशी. दांडी सरळ आहे. मग पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या सळ्यांच्या, कडांवरून अंगठा फिरवला. कुठे खुपत नाही. मग बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून सूर काढला आणि लगेच त्याच पडद्यावर तार दाबून काढला. दोन्ही सूर एक यायला हवेत. लांब गिटारीवर थोडा फरक खपून जातो. इथे घोडीपासून माथ्यापर्यंत जेमतेम १७ इंच, आणि पोलादी तार जरा जोरात दाबली तरी सूर चढतो. म्हणून प्रत्येक तारेसाठी मागेपुढे सरकणारी वेगळी घोडी असेल तर बरं. याला आहे.

आता तारांखालच्या चुंबकांकडे बघतायत. गिटारचा सहा गुंड्यांचा पिकअप युकुलेलेला तसाच बसवलेला असेल तर गुंडी एकीकडे आणि तार दुसरीकडे, असं होतं. एक तार ओरडते, दुसरी पुटपुटते. आडवी सलग पट्टी असेल तर ही कटकट नाही. इथे पट्टी आहे.

शेवटी स्क्रूड्रायव्हर. जिवंत पिकअपवर लोखंड टेकवलं की अँपमधून 'टक' असा आवाज येतो.

[दृश्य: स्क्रूड्रायव्हर टेकतो. शांतता. पुन्हा टेकतो. शांतता.]

आला नाही. आतली तार कुठेतरी तुटलेली. भाचीचं तोंड पडलं. मामांनी चेहरा तसाच ठेवला आणि भाव अर्ध्यावर आणला. आकडा सांगायचा नाही, अशी त्यांची अट आहे.

[दृश्य: लॅमिंग्टन रोड. तांब्याच्या तारेची रिळं. मग खोली, हातातलं ड्रिल मशीन, फिरणारा पिकअप. हे दृश्य बराच वेळ.]

लॅमिंग्टन रोडवर ही तार तोलून मिळते. गिटारवाल्यांच्या लिखाणात बेचाळीस नंबर वाचाल, पण ते अमेरिकन माप. आपल्या दुकानात शेहेचाळीस मागायची. जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर. हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटत नाही.

जुनी तार काढून टाकली. ड्रिलला पिकअप अडकवला, वेढे मोजायला कॅल्सी, म्हणजे कॅल्क्युलेटर. एक फेरा झाला की लोखंडाचा तुकडा बटणाला धक्का देतो आणि आकडा एकनं वाढतो. तार दोन बोटांच्या चिमटीतून जातेय. चिमट घट्ट झाली तर तुटेल, सैल राहिली तर वेढे हलतील आणि पिकअप पुढे मायक्रोफोनसारखा वागेल, टिचकी मारली तरी ऐकू येईल.

दोन हजार. तीन हजार. भाची कॅल्सीवरून नजर काढत नाही. चार हजार आठशेला तार तुटली. ती इथे बघा, ड्रिल फिरतंय आणि बोटांत काही नाही. मामा दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. मग सगळं उलगडलं आणि शून्यापासून सुरुवात. डाग देऊन सांधता आली असती, पण ते म्हणाले, सांधा आत राहिला की झोप लागत नाही.

सात हजार वेढे. मीटरवर साडेचार किलो-ओहम. स्क्रूड्रायव्हर टेकवला.

[दृश्य: 'टक'.]

[दृश्य: तारांची पाकिटं. भाची तारा चढवतेय.]

तारा कुठल्या? गिटारची पहिली, दहाची, म्हणजे पाव मिलिमीटर जाड, ती इथे धैवताला चालते. गिटारवर ती गंधाराला लागते. इथे सूर वरचा, पण लांबी इतकी कमी की ताण उलट जरा उतरतोच. वरून बारीक तार गुंडाळलेली, वेढ्याची तार घ्यायची तर निकेलच्या वेढ्याची. कांस्य वेढ्याची तार साध्या गिटारवर झकास वाजते, पण चुंबकाला तिचं वेष्टण दिसतच नाही.

हार्मोनियमच्या पांढरी १ चा सा धरला तर चार तारा लागतात प, सा, ग, ध अशा. गंमत पहिल्या तारेत आहे. हातात वाद्य धरल्यावर ती सगळ्यांत वर येते, म्हणून नवा माणूस तिला खर्जाची समजतो. ती मधल्या सप्तकातली आहे, सा आणि ग दोघांच्या वर. धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवलं की प, सा, ग आणि वरचा सा. एका बोटात पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ. काही जण पंचमाला जाड तार लावून तो मंद्रात उतरवतात. भाचीनं तसं केलेलं नाही. ढोलकीच्या खर्जात तो बुडेल, असं तिचं म्हणणं.

[दृश्य: तालीम. पहिल्यांदा चुकतं. सगळे हसतात.]

पहिला दिवस वाया गेला. नायलॉनचा सूर आपोआप विझतो, म्हणून त्यावर झपाझप हात मारला तरी प्रत्येक कॉर्ड सुटी ऐकू येते. पोलादाचा सूर लांबतो. एक कॉर्ड संपली नाही तोवर दुसरी, तिच्यावर तिसरी, सगळा गिचका. भाचीचा उजवा हात आता बघा. मारला की तळव्याची कड लगेच तारांवर. वाजवण्याइतकंच विझवणं. नखं आठवड्यात झिजली, मग मामांची पट्टी घेतली. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले.

गुणगुण येत होती, घरातल्या विजेची, पन्नास हर्ट्‌झची. एका वेटोळ्याचा पिकअप ती पकडतोच. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की बरीच मरते, पण दुसऱ्याला जागा नव्हती. मामांनी आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा लावला आणि अर्थिंग दिलं. पूर्ण गेली नाही.

[दृश्य: आगमनाची मिरवणूक. ट्रॉली. भाची, तिच्या मागे मामा बेंजोवर. गर्दी. निवेदन थांबते. दीड मिनिट फक्त आवाज.]

रात्री १० ला भोंगा बंद करायचा नियम आहे आणि सुपाऱ्या आता डीजेकडे वळतायत. मामांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

[दृश्य: रात्र. चाळीची गॅलरी. लहान अँप, आवाज अगदी कमी. युकुलेले मामांच्या मांडीवर.]

धैवताची तार, पाचवा पडदा. हा रे. मामा बोट तिथेच ठेवतात आणि तार बाजूला ढकलतात. नायलॉन इतकं ढकललं तरी सूर फारसा हलत नाही. पोलाद हलतं.

[दृश्य: बोट. तार सरकतेय. रे, आणि तिथून न तुटता ग.]

पुन्हा एकदा.

[दृश्य: पुन्हा. मग पुन्हा.]

"मामा, तार तुटेल."

"तुटांदे. पाकिटात अजून तीन आसत."