तुमच्या कागदावर पाऊस आहे का?

नमस्कार, श्रोतेहो.

आजच्या बोलण्याची सुरुवात 1 रुपयापासून करते. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला होता. त्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी, म्हणजे 1992 पासून, महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता द्यायला सुरुवात केली. आधी न आल्याचा दंड होता, नंतर आल्याचा भत्ता आला. रुपयाने मूल शाळेत येते का, आणि रुपयाने येत नसेल तर कशाने येते, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्रज्ञांनी मोजून पाहण्याच्या कामात बऱ्याच उशिरा घेतला. मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला एका ओल्या स्कर्टने शिकवले, आणि ती हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

1994 चा आषाढ होता. मी येथे कोल्हापुरात अर्थशास्त्रात एम.ए. करत होते आणि एका सर्वेक्षणासाठी गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर गेले होते. गगनबावड्याचा पाऊस कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. एसटीने फाट्यावर सोडले, पुढे अर्धा-पाऊण तास चिखल तुडवला, आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा तेवढा दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा राहिला. मी राहिले नाही. मुले शाळेत अनियमित का असतात, या प्रश्नापुढे आमच्या कागदावर पाच चौकोन छापलेले होते: आर्थिक अडचण, घरकाम, शाळेचे अंतर, आजारपण आणि पालकांची उदासीनता. हा ‘उदासीनता’ शब्द मला तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो, कारण अहवाल लिहिणाऱ्याला कारण सापडले नाही, की तो पालकांना उदासीन ठरवून मोकळा होतो.

ज्या घरात मी टेकले, तिथली बाई नुकतीच भाताची रोपे लावून परतली होती. दाराशी टेकवलेल्या इरल्यातून पाणी निथळत होते. तिची तिसरीतली मुलगी कोपऱ्यात आईचे जुने पोलके घालून बसली होती आणि त्या पोलक्याच्या बाह्या तिच्या कोपरांखाली लोंबत होत्या. चुलीवरच्या दोरीवर एक निळा स्कर्ट आणि पांढरे पोलके वाळत घातले होते. पांढरे म्हणायचे एवढेच, कारण धुराने ते पिवळट झाले होते आणि त्याला धुराचा व कुबटपणाचा मिळून एक वास येत होता. मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, “तेवढा एकच जोड हाय, ताई. येताना भिजतंय, रातभर चुलीवर टांगलं तरी वाळत न्हाई. वलं घालून धाडलं की खोकला, आन् तसंच घरच्या कापडात धाडलं तर पोरगी साळंच्या दारातनं माघारी येती.” मी भत्त्याची आठवण करून दिली. “रुपाया जातोय ते दिसतंय की,” ती म्हणाली, “पर त्यो आणाय जायाचं काय घालून?”

माझी पेन्सिल चौकोनांवरून फिरत राहिली. आर्थिक अडचण म्हणावी, तर शाळेला फी नव्हती. आजारपण म्हणावे, तर मुलगी समोर ठणठणीत बसली होती. माझा गोंधळ त्या बाईच्या लक्षात आला असावा, कारण तिने कागदाकडे हनुवटीने खूण करून विचारले, “तुमच्या कागदावर पाऊस हाय का?”

पाऊस नव्हता. त्या दिवशी मी ‘आर्थिक अडचण’ या चौकोनात खूण केली आणि उठले, पण मन खात राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींकडून हजेरीपत्रक मागून घेतले, त्या मुलीच्या नावापुढचे खाडे उतरवून काढले, मग तहसील कचेरीत जाऊन पर्जन्यमापकाचे रोजचे आकडे लिहून घेतले, आणि रात्री दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. जिथे पावसाचा मोठा आकडा होता, तिथे बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी खाडा होता. हे मी गुरुजींना दाखवले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी मात्र त्यांनी आपल्या मुलीचा आखूड झालेला गणवेश पिशवीतून आणून त्या मुलीला दिला.

भाद्रपदात मी पुन्हा त्या वाडीवर गेले. हजेरीपत्रकात खाडे जवळजवळ नव्हते. मी कोल्हापूरला परतले ती हवेतच, आणि आमच्या सरांना सांगितले की एका जोडाने काम केले, शासनाने भत्त्याऐवजी गणवेश द्यावा. सरांनी सगळे शांतपणे ऐकले, चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, “भाद्रपदात पाऊस किती होता?” उत्तर माझ्याच वहीत होते. पाऊस उतरला होता, म्हणजे पहिला जोडही आता रातोरात वाळत असणार. मग मुलगी दुसऱ्या जोडामुळे येत होती, की पहिला जोड वाळत होता म्हणून? एका मुलीवरून आणि एका पावसाळ्यावरून हे सांगता येत नाही. पुन्हा सांगते, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे: जोड दिला आणि मुलगी आली, एवढ्यावरून जोडामुळे मुलगी आली असे ठरत नाही.

यातून वाट काढण्याची रीत तुमच्या घरातल्या भिशीसारखी आहे. भिशीत जिची चिठ्ठी निघते, ती इतरांहून अधिक गरजू असते किंवा अधिक हुशार असते, असे काही नसते. चिठ्ठी निघाली, एवढाच तिच्यात आणि इतरांत फरक असतो. तसे पुष्कळ मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघतील त्यांना गणवेश द्यायचा, आणि पाऊस, लावणी, परीक्षा सगळ्यांना सारखेच असताना दोन्ही गटांची हजेरी ताडून पाहायची. दारिद्र्याच्या प्रश्नांवर अशा प्रयोगांची पद्धत रुजवल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे मात्र तेव्हा चर्चा झाली ती बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, म्हणजे मराठी, याचीच; अभिमान असावा, पण कामाविषयीही चार ओळी वाचायला मिळाल्या असत्या तर बरे झाले असते.

माझ्या वहीतला प्रश्न पुढे पश्चिम केनियात खरोखरच चिठ्ठ्या टाकून सोडवला गेला. डेव्हिड इव्हान्स आणि मुथोनी नगाटिया यांच्या अभ्यासानुसार, मोफत गणवेश मिळालेल्या मुलांची गैरहजेरी सरासरी 37 टक्क्यांनी घटली आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता, त्यांची 55 टक्क्यांनी. हे वाचले तेव्हा मला चुलीवरची ती दोरी आठवली. पण त्याच अभ्यासकांनी आठ वर्षांनी त्याच मुलांचा पुन्हा माग काढला, तेव्हा किती इयत्ता शिकली या हिशेबात गणवेश मिळालेली आणि न मिळालेली मुले सारखीच निघाली. गणवेशाने मूल शाळेच्या दारापर्यंत आले. वर्गात काय शिकले आणि पुढे किती टिकले, ते दुसऱ्या गोष्टींवर ठरले. सरांनी हे ऐकले असते तर पुन्हा चष्मा पुसला असता.

आज समग्र शिक्षा योजनेत मुलाला वर्षाला गणवेशाचे दोन जोड देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी 600 रुपये धरलेले आहेत. म्हणजे त्या बाईने 1994 साली जो दुसरा जोड हवा म्हटला, तो आज कागदावर आहे. मात्र तो मृगाच्या आत मुलीच्या हातात पडायला हवा. दसऱ्याला मिळालेला जोड गगनबावड्यात काही कामाचा नाही, कारण तोवर पहिला आपोआप वाळू लागलेला असतो.

नमस्कार.