गव्हाची जात विचारा

मंडळी, शाहू महाराजांच्या गावात येऊन 'जात विचारा' म्हणणं म्हणजे मार खायची तयारीच. पण मी गव्हाच्या जातीबद्दल बोलतोय, आणि ती कुणी विचारत नाही म्हणूनच व्हॅमचा, म्हणजे पिकाच्या मुळांत राहणाऱ्या मित्रबुरशीचा, सगळा घोळ झालाय. पत्रिकेत विषय 'गहू आणि मित्रबुरशीची आनुवंशिकता' असा छापलाय. तिथं पोचू. आधी थोडी कुरकुर ऐकून घ्या.

कृषी सेवा केंद्रात व्हॅमचं, म्हणजे मायकोरायझा या मित्रबुरशीचं, पाकीट मिळतं. त्याच्या जाहिरातीत मुळाला पांढरी दाट जाळी गुंडाळलेली दाखवतात. तसं मूळ पाइनचं असतं, गव्हाचं नव्हे. पाइनवरून आठवलं. प्रशियाच्या सरकारला ट्रफल ही जमिनीखालची महागडी अळंबी शेतात पिकवायची होती. काम दिलं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला. ट्रफलची शेती काही उभी राहिली नाही. पण झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं आवरण त्याला जागोजाग दिसलं, आणि 1885 साली त्यानं लिहून टाकलं की ही बुरशी झाडाला पोसते. बुरशी म्हणजे रोग, एवढंच ठाऊक असलेल्या काळात हे पटणार कुणाला? मग त्यानं पाइनची रोपं निर्जंतुक केलेल्या मातीत आणि साध्या मातीत वाढवून दाखवली. साध्या मातीतली सरस निघाली. सरकारी योजनेचा हेतू फसला आणि त्यातून याहून मोठं काही निघालं, असं दुसरं उदाहरण कुणाला माहीत असेल तर चहाच्या वेळी सांगा.

मुद्दा असा, की फ्रांकची ती बुरशी मुळाला बाहेरून वेढते. गव्हाची आत शिरते आणि नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. मुळावर पांढरं दिसलं, व्हॅम लागलं, असं जे शिवारात म्हणतात ती बऱ्याचदा केशमुळं असतात, नाहीतर भलतीच बुरशी.

बघायचं कसं, ते सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्या. पेरणीनंतर 45 ते 50 दिवसांनी शेतात पाच-सहा ठिकाणची रोपं घ्या. उपटू नका. उपटलं की जाड मुळं हातात येतात आणि बुरशी असलेली बारीक मुळं मातीत राहतात. 15 सेंटिमीटर खोल खणून ढेकूळच उचला, पाण्यात भिजवा, चाळणीवर धुवा. मुळांचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे करून 10 टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात, 90 अंशांच्या पाण्यात भांडं ठेवून तापवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. झाडाच्या मुळांना तासभर लागेल, गव्हाची कोवळी मुळं दहा-पंधरा मिनिटांत पारदर्शक होतात. जास्त ठेवलीत तर साल सुटून लगदा होतो, आणि बुरशी सालीतच असते. मग तीन-चारदा धुऊन शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका. ही पायरी चुकवली की अल्कली उरते आणि रंग चढत नाही. आता 95 मिली साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 मिली काळी फाउंटन पेनची शाई घालून तीन मिनिटं उकळा. जादा रंग निघायला व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं. सगळ्याच शाया चालत नाहीत, आधी दोन-तीन तुकड्यांवर बघा.

सूक्ष्मदर्शकाखाली 100 ते 200 पट मोठं केलं की सालीच्या पेशीत झुडपासारखी रचना दिसते. तिला अर्बस्क्यूल म्हणतात. देवाणघेवाण होते ती तिथं. अंडाकृती फुगे दिसतात तो बुरशीच्या तेलाचा साठा. तंतूला थोड्या-थोड्या अंतरावर आडवे पडदे दिसले तर ती आपली बुरशी नव्हे. तुकडे रेघांच्या जाळीवर पसरा, रेघ मुळाला छेदते अशा किमान शंभर जागा मोजा, त्यातल्या किती जागी बुरशी, ती टक्केवारी. एक अर्बस्क्यूल जेमतेम काही दिवस जगतं, मग पेशीच ते मोडून टाकते. म्हणून नमुन्याची तारीख लिहिली नसेल तर त्या टक्केवारीला अर्थ नाही.

आता पोत्याकडे. बागायती गव्हाला हेक्टरी 120:60:40 किलो नत्र, स्फुरद, पालाशची शिफारस आपल्याला पाठ आहे. 60 किलो स्फुरद म्हणजे हेक्टरी 130 किलो डीएपी, एकरी साधारण एक पोतं. कुणी व्हॅम टाकतं, त्याच सरीत डीएपी टाकतं, आणि वर रोटाव्हेटरनं आधीचं बुरशीचं जाळंही चिरून ठेवलेलं असतं. मग म्हणायचं, व्हॅम बोगस! बोगस पाकिटं असतीलही. पण शिरोळ-हातकणंगल्याकडं सोयाबीन किंवा उसानंतर गहू असेल तर बुरशी जमिनीत बहुधा आहेच, कारण दोन्ही पिकं तिची यजमान आहेत. मोहरी आणि कोबी मात्र तिला थारा देत नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, खरा विषय आता धावत.

स्फुरद कमी पडलं की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं संदेश देणारं रसायन सोडतं. त्यानं बुरशीच्या तंतूला फांद्या फुटतात, हे 2005 साली जपानी संशोधकांनी दाखवलं. बुरशीकडून उलट संदेश येतो, मुळाच्या केंद्रकात कॅल्शियमच्या उसळ्या उठतात, सीसीएएमके हे प्रथिन त्या ओळखतं, पुढं सायक्लॉप्स आणि रॅम1 ही जनुकं कामाला लागतात. मग स्फुरद आत घेणारी वाहक प्रथिनं तयार होतात आणि बदल्यात झाड साखर व स्निग्धाम्लं देतं. स्निग्धाम्लांचं 2017 साली पक्कं झालं. या बुरशीला ती स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून मुळाशिवाय ती वाढत नाही. यातलं बरंचसं मेडिकॅगो आणि लोटस या शेंगवर्गीय रोपांत आणि भातात शोधलेलं आहे. भातातच 2021 साली दिसलं की स्फुरदाची भूक ओळखणारं पीएचआर प्रथिन ही जनुकं चालू करतं, आणि पोट भरलेलं असलं की एसपीएक्स प्रथिनं त्याला धरून ठेवतात. डीएपीचं पोतं नेमकं इथं नडतं.

गव्हात अडचण आकाराची. रोजच्या गव्हात 42 गुणसूत्रं, तीन पूर्वजांचे ए, बी, डी असे तीन संच. 2018 च्या नकाशात 1,07,891 जनुकं. जनुकाचं काम कळायला त्याची एक प्रत बिघडवली तर उरलेल्या दोन काम चालवून नेतात, परिणाम दिसतच नाही. 2017 साली जर्मनीत 94 जाती तपासल्या, तेव्हा बुरशी शिरण्याचं प्रमाण जातीनुसार बदललं आणि त्याचे धागे 3ए, 4ए आणि 7ए या गुणसूत्रांवर सापडले. म्हणजे गुण अनेक जनुकांचा आहे, एका बटणाचा नाही.

यात एक फसगत आहे. समजा एक जात बुरशीविना 10 ग्रॅम वाढते, बुरशीसह 15. प्रतिसाद 50 टक्के. दुसरी 16 वरून 18. प्रतिसाद 12.5 टक्के. कागदावर पहिली जिंकली, शेतात दुसरी. जुन्या जाती बुरशीला जास्त दाद देतात असं 1990 च्या दशकात अमेरिकेत दिसलं, आणि 2012 च्या एकत्रित आढाव्यात उलट, नव्याच जास्त दाद देताना दिसल्या. या भांडणाचं एक कारण मला तरी हा हिशेबच वाटतो. म्हणून निवड करताना टक्केवारीतला फरक बघू नका, बुरशीसह निम्म्या स्फुरदावर प्रत्यक्ष उत्पन्न किती, ते बघा. आपल्याकडं निवडीचे वाफे पूर्ण मात्रेवर ठेवतात, तिथं हा गुण वर येणार कसा?

स्ट्रिगोलॅक्टोन वाढवा म्हणजे झालं, असंही नाही. तेच रसायन फुटवे रोखतं, आणि उसा-ज्वारीतल्या टारफुला या परजीवी तणाचं बीही त्यानंच जागं होतं. केंब्रिजमध्ये बार्लीत एनएसपी2 हे जनुक वाढवून, खत भरपूर असतानाही बुरशी शिरवून दाखवली आहे, तो मार्ग मला जास्त आशेचा वाटतो.

सुरुवात खपली गव्हापासून करावी. आपल्या भागात ती अजून पेरली जाते. तिच्यात 28 गुणसूत्रं, दोनच संच, म्हणजे बिघडवायला दोनच प्रती. शेजारी-शेजारी दोन वाफे, एकात पूर्ण स्फुरद, एकात निम्मं, दोन्हींत तीच जात, आणि 50 व्या दिवशी मुळं शाईत. वहीत पहिल्या रकान्यात पाकिटाचं नाही, जातीचं नाव.