अॅटनबरो: एका खेड्यातून निघालेलं आडनाव

आज ज्या आडनावाबद्दल बोलायचंय ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. अॅटनबरो. टीव्हीवर प्राणी-पक्षी दाखवताना शेजारी बसून हळू आवाजात सांगितल्यासारखं बोलणारे डेव्हिड अॅटनबरो, आणि त्यांचे थोरले भाऊ रिचर्ड, ज्यांनी १९८२ साली 'गांधी' पिक्चर केला. त्या पिक्चरमुळे हे नाव आपल्या घराघरात आलं, कारण कस्तुरबा झाल्या होत्या आपल्या रोहिणी हट्टंगडी, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या रोलमध्ये डॉ. श्रीराम लागू, आणि कपडेपट कोल्हापूरच्या भानू अथैय्यांचा, ज्यासाठी त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं, भारतीय माणसाला मिळालेलं पहिलं. आता नाव एवढं ओळखीचं म्हटल्यावर वाटतं की इंग्लंडात गल्लोगल्ली अॅटनबरो भेटत असतील. तसं नाहीये. गल्लोगल्ली भेटतात ते स्मिथ आणि टेलर. अॅटनबरो हे दुर्मिळ आडनाव आहे, दोघा भावांनी जगभर पोचवलेलं, आणि नकाशावर त्याची जागा शोधायला गेलात तर बोट एकाच ठिकाणी येऊन थांबतं.

ते ठिकाण म्हणजे नॉटिंगहॅमच्या नैऋत्येला ट्रेंट नदीच्या काठावरचं अॅटनबरो नावाचं खेडं. नॉटिंगहॅमहून डर्बीकडे जाणाऱ्या लोकल गाडीला तिथं स्टेशन आहे, जुनं सेंट मेरीचं चर्च आहे, आणि इंग्लंडच्या इतिहासात या गावचा एक माणूस येऊन गेलाय तो हेन्री आयर्टन, सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि त्याच्या सैन्यातला जनरल, १६११ चा जन्म. गावाच्या नावाचा अर्थ बघायचा तर शेवटचं 'बरो' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'बुर्ह', तटबंदी केलेली जागा, गढी म्हणा हवं तर. आणि पुढचा भाग म्हणजे अड्डा किंवा तशाच नावाचा कुणी माणूस. अड्डाची गढी. तो माणूस कोण होता, काय होता, काही कळत नाही, फक्त नाव राहिलं.

इथं एक गंमत आहे ती सांगतो, कारण मी स्वतः बरेच दिवस यात फसलो होतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'अॅटन' किंवा 'अॅटे' असं म्हणायची पद्धत होती, म्हणजे 'च्या इथला'. अॅश झाडापाशी राहणारा तो 'अॅटन अॅश', पुढे जिभेवर घोळून घोळून अॅटनमधला शेवटचा न झाडाला चिकटला आणि आडनाव झालं नॅश. ओकच्या झाडापाशी राहणारा नोक्स. आणि आपल्या स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान होते ते क्लेमंट अॅटली, त्यांचं आडनाव म्हणजे 'अॅटे ली', कुरणापाशी राहणारा. मग अॅटनबरो म्हणजे 'गढीपाशी राहणारा' असं कुणालाही वाटणार, मला वाटलंच होतं. आणि एखाद-दुसऱ्या घराण्याचं नाव तसं पडलंही असेल. पण नाव जर तसं पडलं असतं तर ते जिथे जिथे गढी तिथे तिथे सापडायला हवं होतं, नॅश लोक जसे सगळीकडे आहेत तसं, कारण झाडं काय सगळीकडेच असतात. हे नाव पसरलंय ते नॉटिंगहॅमशायर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशायरच्या त्या कोपऱ्यात. म्हणजे व्याकरण एक सांगत होतं आणि नकाशा दुसरं, आणि अशा वेळी मी नकाशावर विश्वास ठेवतो.

गावावरून आडनाव कसं पडतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आपल्याकडे 'कर' लावून अख्खी डिरेक्टरी भरलेली आहे. गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतलं ते सगळ्यांना माहितीये. पण यातली एक गोष्ट आपण सहज विसरतो ती अशी की असं नाव गावात राहून पडत नाही. अख्खं गावच जर अॅटनबरोतलं, तर एकाला अॅटनबरोवाला म्हणून काय उपयोग? ते नाव पडतं तुम्ही गाव सोडून शेजारच्या गावात गेलात की. त्यामुळे अशा आडनावात एक प्रवास आधीच लपलेला असतो, कुणीतरी केव्हातरी घर सोडलं होतं हे त्यात नोंदलेलं असतं, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त भावतं ते हेच.

इंग्लंडमध्ये पिढीजात आडनावं आली ती १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर, आधी जमीनदारांत, मग हळूहळू शेतकरी-कारागिरांत, आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक घरांत. त्यात मधे १३४८-४९ ची प्लेगची साथ आली, निदान तिसरा हिस्सा माणसं गेली, कितीतरी नावं तिथेच संपली. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानं (हा ऑलिव्हरच्या आधीचा, वेगळा) हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची, तेव्हापासून साध्या माणसाचाही माग निघायला लागतो. पण लिहिणारा पाद्री ऐकू येईल तसं लिहायचा, त्यामुळे अॅटनबरो, अॅटनबरोव, अॅटनबॅरो, अॅटनबरा, एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या स्पेलिंगनं सापडतात, आणि शोध घेणाऱ्यानं एकाच स्पेलिंगला धरून बसलं की अर्धं घराणं हातचं जातं.

आता हे नाव चाललं किती? डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक अॅटनबरो, जन्म १८८७, गाव स्टेपलफर्ड. नकाशा उघडून बघा, स्टेपलफर्ड ते अॅटनबरो हे अंतर चार-पाच किलोमीटर आहे, सायकलवर पंधरा-वीस मिनिटं. आडनावं पडायला लागली तेव्हापासून फ्रेडरिक जन्मले तोपर्यंत पाचेकशे वर्षं गेली, आणि नाव अजून तिथंच, जिथून निघालं त्या गावाच्या चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर. लोकांना वाटतं जुनी माणसं फिरत नव्हती, ते खरं नाही, फिरायची, पण फिरायची ती शेजारच्या गावात, लग्नाला, शेताच्या कामाला, बाजाराला, आणि परत तिथल्या तिथे. पुढे व्हिक्टोरियन काळात लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या भागात अॅटनबरो नावाचे सराफ आणि वस्तू गहाण ठेवून पैसे देणारे चांगले नावाजले, म्हणजे काही जण लांब गेले, आणि एक गेला की त्याच्या मागून भाचे-पुतणे गेले, हे आपल्याला मुंबईमुळे नीट कळतं. त्यामुळे नकाशावर दोन ठिपके दिसतात, एक मोठा ट्रेंटच्या काठी आणि एक लंडनला, आणि मधला पट्टा बऱ्यापैकी रिकामा.

फ्रेडरिकबद्दल थोडं थांबून बोलतो कारण हा माणूस मला फार आवडतो. साध्या घरातला मुलगा, शाळामास्तर झाला, स्कॉलरशिपवर केंब्रिजला इमॅन्युएल कॉलेजात गेला आणि अभ्यास कशाचा केला तर अँग्लो-सॅक्सन म्हणजे जुन्या इंग्रजी भाषेचा, ज्या भाषेतून त्याचं स्वतःचं आडनाव आलं तिचा. १९२२ साली त्यांनी सगळ्यात जुन्या इंग्लिश राजांचे कायदे मूळ भाषेसकट इंग्रजीत आणले. त्यात वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा आयने याचे कायदे आहेत, सातव्या शतकाच्या शेवटचे, आणि त्यातलं एक कलम 'बुर्ह' फोडण्याबद्दल आहे, म्हणजे कुणाच्या तटबंदीच्या घरात जबरदस्तीनं घुसलात तर दंड किती, राजाची गढी असेल तर १२० शिलिंग, आणि मालक जसजसा खालच्या दर्जाचा तसतसा दंड कमी. हे वाचताना मी एकदम थबकलो. आडनावाच्या शेवटी जो बुर्ह आहे तोच हा, आणि त्याच्या दंडाचं कलम इंग्रजीत आणणारा माणूस अॅटनबरो. त्यांनी यावर कुठे काही लिहिलंय असं माझ्या वाचनात नाही, पण कलम उतरवताना त्यांच्या मनात एकदा तरी आलं असणारच असं मला वाटतं.

पुढे १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रिन्सिपल होते, मुलं त्याच कॅम्पसवर वाढली, आणि १९३९ मध्ये जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू मुलींना या नवरा-बायकोनं घरात ठेवून घेतलं. ते कॉलेज १९५७ मध्ये लेस्टर युनिव्हर्सिटी झालं. आणि याच युनिव्हर्सिटीत १० सप्टेंबर १९८४ ला अॅलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंगचा, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायच्या पद्धतीचा शोध लागला, आणि पुढे तिथल्याच टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावं आणि डीएनए यांचा मोठा अभ्यास केला, त्यात अॅटनबरो हेही एक आडनाव होतं.

अभ्यासामागची कल्पना अगदी सोपी आहे. वाय क्रोमोसोम म्हणजे डीएनएचा फक्त पुरुषांत असणारा भाग, तो बापाकडून मुलाकडे जातो, आणि आडनावही बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे दोघं एकाच गाडीत बसलेले. मग एकाच आडनावाच्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांचे वाय क्रोमोसोम सारखे निघतात का? ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावावर हे करून बघितलं होतं, जवळपास निम्मे साइक्स एकाच प्रकारचे निघाले. लेस्टरवाल्यांनी २००९ मध्ये ४० आडनावं घेतली, १६७८ पुरुष. स्मिथ लोकांत काहीच मेळ नाही, रस्त्यावरचे कुठलेही दोन उचला तसे, कारण लोहार प्रत्येक गावात होता. पण नाव जितकं दुर्मिळ तितका मेळ जास्त. आणि अॅटनबरोंमध्ये तर बहुतेक सगळ्यांकडे एकच प्रकार, तोही ब्रिटनमध्ये एरवी क्वचित सापडणारा, भूमध्य समुद्राच्या आणि आफ्रिकेच्या बाजूला जास्त दिसणारा.

हे ऐकलं की लगेच वाटतं, चला, म्हणजे एकच मूळ पुरुष. मला इथे जरा सावकाश जायचंय. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं एक प्रश्न विचारला होता, मोठमोठ्या घराण्यांची नावं बुडतात ती का? आता गाल्टनचे वंशाबद्दलचे विचार मला अजिबात पटत नाहीत, आणि त्यातून पुढे फार वाईट गोष्टी झाल्या, पण प्रश्न चांगला होता. त्यावर हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्यानं १८७४ मध्ये गणित मांडलं. साध्या शब्दांत, समजा प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होतो आणि जगतो. सरासरी एक, म्हणजे कुणाला तीन, कुणाला एकही नाही. ज्याला एकही नाही त्याचं नाव तिथे थांबलं, कायमचं. आणि हे प्रत्येक पिढीत होतं. वीस-पंचवीस पिढ्या गेल्या की सुरुवातीच्या बहुतेक घरांची नावं गेलेली असतात, कुणाचीही चूक नसताना, नुसत्या योगायोगानं, आणि जी राहतात ती फुगतात. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात अॅटनबरोतून बाहेर पडून हे नाव लागलेली कदाचित तीन घरं असतील, पाच असतील. आज एकाचाच डीएनए दिसतो याचा अर्थ एकच घर होतं असा होत नाही, एकच घर उरलं असाही होऊ शकतो. बाकीच्यांना कदाचित मुलीच झाल्या.

आणि हे मला फार लागतं, खरं सांगतो. मुली झाल्या म्हणजे वंश बुडाला असं आपण अजून म्हणतो, कुलवृत्तांतात तर कितीतरी ठिकाणी मुलीचं नुसतं नाव आणि पुढे काहीच नाही. त्या घरांची माणसं कुठे गेली नाहीत, ती स्टेपलफर्डमध्ये, लाँग ईटनमध्ये दुसऱ्या आडनावानं आजही असतील, फक्त आडनावाच्या नकाशाला ती दिसत नाहीत. लेस्टरलाच २०१२ मध्ये कार पार्कखाली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला, डीएनएचं काम पुन्हा टुरी किंग यांच्याकडेच. राजघराणं म्हटल्यावर पुरुषांची वंशावळ किती जपलेली असेल विचार करा, आणि तरी त्या वंशावळीतल्या आजच्या पुरुषांशी वाय क्रोमोसोम जुळला नाही, मधे कुठेतरी बाप वेगळा होता. सांगाडा ओळखला गेला तो राजाच्या बहिणीच्या वंशातून, आईकडून मुलीकडे येणाऱ्या डीएनएवरून, जिथे प्रत्येक पिढीत आडनाव बदलत होतं.

अजून एक उदाहरण देतो आणि मग संपवतो. २००७ मध्ये याच टीमला यॉर्कशायरच्या एका दुर्मिळ आडनावाच्या माणसात पश्चिम आफ्रिकेत आढळणारा वाय क्रोमोसोम सापडला. माणूस दिसायला गोरा, घरात कुणाला काही माहिती नाही. मग त्याच आडनावाचे अजून पुरुष शोधले, १८ पैकी ७ जणांत तोच प्रकार निघाला, म्हणजे निदान अठराव्या शतकापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून तो आफ्रिकन पूर्वज त्या नावात बसलेला आहे. आडनाव अगदी इंग्लिश, आणि ते चालवणाऱ्यांत एक जण समुद्र ओलांडून आलेला. नाव दुर्मिळ होतं म्हणूनच हे सापडलं, स्मिथ असता तर कुणाला कुठे शोधलं असतं?

आता अॅटनबरो गावात गेलात तर तिथे खूप मोठा जलाशय दिसेल, खरं तर खूप सारी तळी. ट्रेंटच्या काठची वाळू-खडी काढून काढून झालेले ते खड्डे, पाणी भरलं, पाणपक्षी आले, आणि १९६६ मध्ये तिथे अभयारण्य सुरू झालं. उद्घाटनाला डेव्हिड अॅटनबरो आले होते. बोर्डावर 'अॅटनबरो नेचर रिझर्व्ह' वाचून जवळजवळ प्रत्येक पाहुणा असंच समजतो की त्यांच्या सन्मानार्थ ते नाव दिलंय. ते गावाचं नाव आहे. त्यांनाच ते गावाकडून मिळालंय.