तिरफळ म्हणजे त्रिफळा नव्हे

नमस्कार मंडळी. विषय दिलाय ‘तिरफळ : शब्द आणि वापर’, तिरफळ म्हणजे आपला माशाच्या आमटीतला मसाला, वेळ पंधरा मिनिटं, आणि समोर निम्मे मालवणी बसलेत, म्हणजे मी चुकलो तर घरी जाऊ देणार नाहीत.

आधी माझं गाऱ्हाणं ऐका. मी राहतो पुण्यात. एका रविवारी बांगडे आणले, वाटण तयार, आणि डबा उघडून बायको म्हणाली तिरफळ संपलंय. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, तिरफळ द्या म्हटलं तर त्याने शांतपणे त्रिफळा चूर्ण पुढे केलं. म्हटलं अहो हे हिरडा-बेहडा-आवळा झालं, मला माशात घालायचंय. तर म्हणतो, “काका, कशातही घाला, सकाळी पोट साफ!” (हशा) हसा, पण दुसऱ्या दुकानात तर माझा उच्चारच सुधारला हो, “त्रिफळा म्हणायचंय ना तुम्हाला?” शेवटी सोलं, म्हणजे आमसुलं, जास्त टाकून वेळ मारून नेली, ते तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, कसं लागलं ते विचारू नका, घरात अजून तो विषय निघतो.

कारण बांगडा, तारली म्हणजे तेलकट मासा, त्याचा उग्रपणा मोडायला तिरफळच लागतं. सुकलं की फळ तोंड उघडतं, आत काळी चकचकीत बी. ती फेकायची. टिळकांची माफी मागून सांगतो, इथे टरफलंच ठेवायची! (हशा) आई आठ-दहा टरफलं थोड्या पाण्यात जरा ठेचून, त्या पाण्यासकट उकळत्या आमटीत सोडायची. वाटणात वाटलीस तर कडू होईल, म्हणायची. शाकाहारी मंडळींनी रुसू नये, गोव्याचं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, तिरफळाशिवाय होत नाही. आणि एखादं चुकून दाताखाली आलं की जीभ, ओठ सगळं झिणझिणतं, पाहुणा घाबरतो, आपण गंमत बघायची.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. बरं, पटापट. झाड काटेरी, मिरीचं कोणी नाही, लिंबाच्या कुळातलं. चीनमधली सिचुआन मिरी आणि नेपाळचा टिमूर ही याचीच भावंडं. त्या सिचुआन मिरीवर लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रयोग केला, ओठांवरची झिणझिण निघाली सेकंदाला साधारण 50 कंपनांच्या वेगाची. आता शब्द, ज्यासाठी बोलावलंत तो. तिरफळातलं ‘तिर’ म्हणजे त्रि, म्हणजे तीन, हे मला पटत नाही, त्यात तीन काय आहे दाखवा! काही घरांत याला चिरफळ म्हणतात. चीर पडलेलं फळ, सुकलेलं हातात घेऊन बघा. माझ्या मते हेच जुनं असावं आणि त्रिफळाच्या ओढीने च चा त झाला असावा. पुरावा? नाही. मत आहे.

हो हो, थांबतो. बाहेर चहाजवळ वाटीत तिरफळं ठेवलीत, एकेकच चावा, आणि चहा आधी पिऊन घ्या, नंतर चव कळणार नाही.