वहिनीची आखाजी

(दृश्य: अमळनेर तालुक्यातलं गाव. निंबाला बांधलेला झोका, पोरींचा गलका.)

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. खापरावरचे मांडे, आमरस, झोक्यावरची गाणी. वर्षभर राबलेल्या बाईला हक्काची सुट्टी देणारा हा सण. पण ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, त्या घरच्या सुनेला माहेरी कोण जाऊ देणार?

(दृश्य: आतली खोली. पलंगावर आजी, उशाशी सून.)

सासूबाईंना लकवा झाला, उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची. नाही बदलली तर कंबरेला, टाचेला जखमा होतात. रात्रीही तेच, म्हणजे सलग झोप नाहीच. बाहेर पारा ४५ला टेकलेला, लाइट गेलेली. सून पेज भरवते. आधी त्यांना टेकवून बसतं करते, हनुवटी जरा खाली घेते, मगच चमचा तोंडाशी नेते. आडवं ठेवून पाजलं तर घास श्वासनळीत जातो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. हे सगळं तिला येतं. घरात फक्त तिलाच येतं, अडचण तिथेच आहे.

भेटायला येणारे पुष्कळ. बिस्किटाचा पुडा ठेवतात, आजीची चौकशी करतात. सुनेची कंबर, तिचं बीपी, तिची झोप कुणी विचारत नाही. जाताना म्हणतात, "सून फार गुणाची." एवढं ऐकल्यावर तिने दमले म्हणायचं तरी कसं?

रेस्पाइट केअर म्हणजे सांभाळणाऱ्याच्या जागी ठरलेल्या वेळी दुसऱ्या माणसाने उभं राहणं. चार तास, एक दिवस, आठवडा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात अशा तात्पुरत्या सांभाळाचा विचार आहे, न्यासाची 'समर्थ' योजनाही आहे. लकवा झालेल्या म्हातारीचं घर मात्र त्यात बसत नाही. तिथे नात्यागोत्यालाच पुढे यावं लागतं.

आणि माणूस घरातच असतं. आखाजीला जी लेक येते, ती आपल्या आईपाशीच येते ना? चार दिवस तिने आईला बघावं आणि वहिनीला तिच्या माहेरी पाठवावं. लेकीलाही विसावा हवा, हे खरं. म्हणून भावानेही शिकावं. तो शेतात असतो, पण कूस बदलायला त्याच्याच हातांत जास्त जोर आहे.

(दृश्य: शेजारच्या काकू पलंगाजवळ बसून बघतायत.)

बदली माणूस एकदम आणून बसवू नये. आधी दोन-तीनदा सोबत बसावं, म्हणजे आजीला चेहरा ओळखीचा होतो. लघवीची पिशवी कंबरेच्या खालीच लटकवायची, हे बघून घ्यावं. गोळ्यांच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. "लागलं तर सांग" म्हणून काही होत नाही, ती सांगणारच नाही. "बेस्तरवारी दुपारी मी शे आठे, तू जाय" (गुरुवारी दुपारी मी आहे इथे, तू जा), असं वार धरून म्हणावं लागतं.

बचत गटातल्या दोघी-तिघींनी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडून ही कामं शिकून घेतली, तर गावातच सोय होईल. मात्र त्यांना रोज द्यायचा, निदान शेतमजुरीइतका. फुकटात मागितलं, तर एका बाईचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जाईल. हा रोज ग्रामपंचायतीने द्यावा की घरच्यांनी वाटून घ्यावा, ते येत्या ग्रामसभेत ठरवा.